जलपरीची शेपटी: आधी सुटायला हवी, मग शोभायला

ताई, तुमच्या वेब मालिकेत जलपरी आहे, शूटिंग गुहागरच्या बाजूला आहे, हातात पाच आठवडे आहेत आणि शेपटी सिलिकॉनची करायची की कापडाची यावर गाडी अडली आहे. त्याआधी एक ठरवा. त्या मुलीला कोणाचीही मदत न घेता, स्वतःच्या हातांनी, शेपटीतून किती वेळात बाहेर पडता येईल? बाकी सगळं त्यावरून ठरतं.

माझ्या पहिल्या शेपटीला मी मागून कमरेपासून पोटरीपर्यंत चेन लावली होती. फोटोत सुंदर दिसली. देवबागला कमरेएवढ्या पाण्यात शॉट होता. एका लाटेनं मुलगी पालथी पडली. पाय एकत्र बांधलेले असले की माणसाला उभंच राहता येत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. पोटरीत गोळा आला, चेनमध्ये वाळू जाऊन ती घट्ट बसली. शेजारी दोन खलाशी उभे होते म्हणून तिला उचलता आलं. शेपटी कात्रीनं फाडावी लागली. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून चेन नाही. कंबरेचा काठ ताणला की मोज्यासारखी खाली सरकेल अशीच शेपटी करतो, आणि पावलं परातून, म्हणजे शेपटीच्या टोकाच्या रुंद पंखातून, एका झटक्यात निघतात का हे आधी जमिनीवर, मग तलावात, मग समुद्रात तपासतो.

आता साहित्य. संपूर्ण सिलिकॉनची शेपटी १५ ते २० किलोंपर्यंत जाते. खडकावर बसलेल्या जवळच्या शॉटला तिला तोड नाही, पण वाळूतून न्यायला चार माणसं आणि फळी लागते, आणि आपल्या उकाड्यात आत बसलेली मुलगी अर्ध्या तासात थकते. तुमच्या वेळेत मी दोन थर करीन. आत ३ मिलिमीटरचं निओप्रीन, म्हणजे पाणबुड्यांच्या पोशाखाचं रबर, आणि वरून चारी बाजूंनी ताणणाऱ्या लायक्रावर खवले. सिलिकॉन निओप्रीनला चिकटत नाही, ते सिलिकॉनलाच चिकटतं. कापडाच्या विणीत ब्रशनं मुरवलं तर मात्र पकडतं.

मापं नुसती कंबर-घोट्याची नकोत. कमरेपासून दर १० सेंटिमीटरला घेर घ्या, पाय जुळवून, पावलं ताणून. त्याहून सोपं म्हणजे पायांवर प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळायची, वरून चिकटपट्टी, मग कापून पसरायचं, की आराखडा तयार. शिवण कडेनं न्या, गुडघ्याच्या मागून कधीच नको. तिथे ती कातडं सोलते. निओप्रीनला कॉन्टॅक्ट सिमेंटचे, म्हणजे रबर जोडायच्या गोंदाचे, दोन हात देतात आणि हाताला चिकटेनासं झाल्यावर जोडतात. पावसाळी दमट हवेत त्यावर पांढरट साय धरते आणि जोड कच्चा राहतो, म्हणून हे काम कोरड्या दिवसात उरका.

पराचा आकार लोक माशावरून घेतात, तिथे चुकतं. माशाचं शेपूट उभं असतं, डाव्या-उजव्या बाजूला हलतं. माणसाचे गुडघे तसे वळत नाहीत. आपल्याकडचा गादा, म्हणजे डॉल्फिन, आडवं शेपूट वर-खाली मारतो. तोच नमुना घ्या. आत पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे चिवट प्लास्टिकचा, पत्रा आणि त्यावर पावलांचे रबरी खिसे, काठ घासून गोल केलेले. पर फार रुंद केला तर गुडघ्यांवर ताण येतो आणि पोहताना मुलगी लवकर दमते.

खवल्यांसाठी मात्र बाजारातून तांबोशी आणा. सुरमईचे खवले दिसतच नाहीत, तांबोशीचे मोठे आणि रांगेत असतात. मोकळी कड शेपटाकडे असते, उलट लावले तर पाणी अडतं आणि कॅमेऱ्याला खोटं दिसतं. आमची गणपतीची चित्रशाळा आहे, त्यामुळे मी शाडूच्या पाटीवर खवले कोरतो, वरून प्लास्टरचा साचा घेतो आणि तो चांगला सुकवून व्हॅसलीनचा हलका हात देतो. त्यात रंगवलेलं सिलिकॉन भरून त्यावर जाळीदार कापड दाबलं की एकाच पाटीतून सगळी चामडी निघते. एक लक्षात ठेवा: प्लॅटिनम जातीच्या सिलिकॉनला लॅटेक्सचे हातमोजे किंवा गंधक असलेली माती लागली तर ते गोठतच नाही. आठवडाभराचं काम चिकट राहिलेलं मी पाहिलं आहे. नायट्राइलचे हातमोजे वापरा.

रंग निवडताना पाण्याखालचा विचार करा. चार-पाच मीटर खाली लाल रंग मळकट होतो, आणि आपल्या समुद्राच्या हिरवट पाण्यात हिरवी शेपटी हरवून जाते. तांब्याचा, सोनेरी-पिवळा चांगला उठतो. चमकी मात्र घालू नका. ते प्लास्टिकच असतं, पाण्यात जातं आणि परत निघत नाही. वेळास, आंजर्ले इथे कासवं अंडी घालायला येतात, त्या किनाऱ्यांवर तरी आपण हे सोडू नये. खवल्यांच्या सिलिकॉनमध्येच मोतिया पूड मिसळली तर चमक येते आणि ती सुटत नाही.

निओप्रीन तरंगतं, म्हणून पाय वर येतात आणि डोकं खाली जातं. पराजवळ शिवलेल्या खिशात थोडं वजन घाला, पण एवढंच की मुलगी काही न करता स्वतःहून वर येईल. शेजारी एक पट्टीचा पोहणारा, ज्याचं काम फक्त तिच्याकडे पाहणं, हवाच. त्याला कॅमेरा धरायला लावू नका. दर अर्ध्या तासाला शेपटी उतरवून पाणी द्या. कोरड्या अंगावर चढत नाही, तेव्हा शाम्पू-पाणी आत शिंपडा.

शूटिंग संपलं की गोड्या पाण्यानं दोन्ही बाजूंनी धुऊन सावलीत वाळवा, दोरीवर दुमडून नको. मापं आणि मुलीची उंची इथे टाका, पराचा आराखडा मी काढून देतो.