टोमॅटोवरची टुटा अळी: आधी ओळख, मग फवारणी

जुन्नर आणि संगमनेर भागातल्या टोमॅटो उत्पादकांचा प्रश्न आहे: 'पानांवर पांढरट चट्टे पडतात, फळांना टाचणीएवढी छिद्रं दिसतात. नागअळी समजून दोनदा औषध मारलं, फरक नाही. ही अळी कोणती, आणि आली कुठून?'

शेतकरी बंधू-भगिनींनो, ही लक्षणं टुटाची आहेत. नेहमीची नागअळी माशीची. ती पानात बारीक, नागमोडी रेघ काढते, फळाला शिवत नाही. टुटा हा पतंग आहे. त्याची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमधला हिरवा भाग खात पसरते, म्हणून रुंद चट्टा पडतो. पान उजेडाकडे धरा, आत काळी विष्ठा दिसेल. पापुद्रा नखाने सोला. अळीला डोकं आणि पाय दिसले, डोक्यामागे काळसर पट्टी असली, तर टुटाच. माशीच्या अळीला पाय नसतात. फळावरचं छिद्र बऱ्याचदा देठाच्या पाकळ्यांखाली लपलेलं असतं, त्यामुळे तोडणीपर्यंत कळत नाही.

पतंग जेमतेम 5 ते 7 मिलिमीटरचा, राखाडी, पंखांवर काळे ठिपके. दिवसा पानांआड दडतो, म्हणून तो दिसला नाही तरी निर्धास्त राहू नका. एक मादी अडीचशेपर्यंत अंडी घालते.

मूळ दक्षिण अमेरिकेतला हा पतंग 2006 मध्ये स्पेनमध्ये सापडला, मग भूमध्य समुद्राभोवतीचे देश आणि आफ्रिका व्यापत पूर्वेकडे सरकला. भारतात 2014 मध्ये तो प्रथम आढळला तो आपल्याच महाराष्ट्रात. नंतर कर्नाटक, तमिळनाडू, गुजरातमध्येही नोंद झाली. दूरचा प्रवास त्याला फळांचे क्रेट आणि रोपं घडवतात. म्हणून रोपवाटिकेतच पानं तपासा, चट्टा असलेलं रोप घेऊ नका.

लागवडीबरोबर टुटाचेच कामगंध सापळे लावा, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगाला ओढून पकडणारे सापळे. फळ पोखरणाऱ्या दुसऱ्या अळीची ल्यूर (सापळ्यातलं गंधाचं आमिष) लावली तर टुटाचा पतंग त्यात येणार नाही. ही गफलत मला वारंवार दिसते. चट्ट्याची पानं आणि किडकी फळं तोडून पिशवीत बांधून नष्ट करा, बांधावर टाकू नका. फवारणी लागलीच तर लेबलवर टोमॅटो आणि ही कीड आहे का ते वाचा, आणि एकाच गटाचं, म्हणजे किडीवर एकाच पद्धतीने काम करणारं औषध पाठोपाठ मारू नका. या किडीत प्रतिकारशक्ती लवकर येते. बटाटा, वांगं आणि बांधावरचं कामोणीचं तण यांवरही ती जगते, तेव्हा प्लॉट संपल्यावर वेल तसेच उभे ठेवू नका. बऱ्याच अळ्या जमिनीत कोषावस्थेत जातात, म्हणून त्यानंतर खोल नांगरट करा आणि लगेच पुन्हा टोमॅटो घेऊ नका.