डिशवॉशरमधून भांडे पांढरट निघायलेत अन खाली पाणी साचतंय, काय करावं?

ग्लास अन स्टीलचे ताटं पांढरे निघायलेत म्हणून मशीन बिघडली असं लगेच समजू नका. आपल्या लातूर-बीडकडं बोअरचं पाणी लई जड, तो थर क्षाराचा आहे. आमच्याकडं पण हेच झालतं, ग्लासवर बोट फिरवलं की खडूसारखं लागायचं. आत तळाशी मिठाचं झाकण असतं, त्यात डिशवॉशरचंच जाड मीठ भरा, जेवणातलं बारीक मीठ अजिबात नको, त्यानं आतला सॉफ्टनर (पाण्यातले क्षार काढणारा भाग) चोंदतो, अन पाणी किती जड आहे तसं सॉफ्टनरची सेटिंग वाढवा, बरेच जण मीठ भरतात पण सेटिंग आधीचीच ठेवतात मग फरक कसा पडणार. जुना थर काढायला रिकामी मशीन लिंबूसत्व टाकून सगळ्यात गरम पाण्यावर एकदा चालवा.

पाणी साचतंय त्याचं म्हणाल तर आधी फिल्टर फिरवून बाहेर काढा, आमच्या फिल्टरमधून भाकरीचे तुकडे अन कढीपत्ता निघाला होता. ड्रेन पाइप मागं कुठं दुमडलाय का तेबी बघा. भांडे ठेवायच्या आधी खरकटं झटकत जा, विसळायची गरज नाही.