देवमाशांसाठी काम करायचं, तर आधी जाळी शिक

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मत्स्यतंत्राचा अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडून सागरी जीवशास्त्राकडे वळू का, हा तुझा प्रश्न. आणि त्याच्या आधी दोन पानभर देवमाशांच्या शिकाऱ्यांवरचा संताप. प्रश्नाचं उत्तर शेवटी देते. आधी संतापाचं बोलू. तो रास्त आहे, फक्त त्याचा रोख चाळीस वर्षं मागे आहे.

शिकारीचा इतिहास वाचवत नाही असाच आहे. विसाव्या शतकात कारखान्यांसारख्या जहाजांनी सुमारे २९ लाख मोठे देवमासे मारले, त्यातले वीस लाखांहून जास्त एकट्या दक्षिण गोलार्धात. १९४६ च्या करारातून आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग स्थापन झाला खरा, पण बराच काळ त्याचं काम म्हणजे शिकार वाटून देणं. सोव्हिएत जहाजं तर आयोगाला सर्रास खोटे आकडे कळवायची. खरे आकडे १९९३ पासून तिथल्याच शास्त्रज्ञांनी चव्हाट्यावर आणले. व्यापारी शिकारीवरच्या बंदीचा ठराव १९८२ मध्ये झाला आणि १९८६ पासून तो लागू झाला. आज नॉर्वे, आइसलंड आणि २०१९ मध्ये आयोगातून बाहेर पडलेला जपान एवढेच देश व्यापारासाठी शिकार करतात, आणि तिघांची मिळून वर्षाची शिकार हजाराच्या आतबाहेर असते. त्यांच्यावर राग धर, माझी हरकत नाही. पण मासेमारीच्या जाळ्यांत अडकून मरणारे डॉल्फिन, त्यांचे छोटे भाऊबंद पॉर्पॉइज आणि देवमासे किती? १९९० च्या दशकातल्या नोंदींवरून केलेला अंदाज होता वर्षाला तीन लाखांच्या वर.

त्या तीन लाखांना मारायचं कुणाच्याच मनात नव्हतं. हे पचवायला जड जातं, कारण शिव्या घालायला समोर कुणी उरत नाही.

उभं जाळं, ज्याला गिलनेट म्हणतात, ते तू हाताळलं असशील. डॉल्फिन आवाजाचे ठोके सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून समोरचं ओळखतो. माशाच्या पोटातली हवेची पिशवी त्याला ठणठणीत ऐकू येते. नायलॉनचा बारीक धागा जवळजवळ मुका असतो. त्यात जाळ्याला आधीच मासे लागलेले. तो खायला जातो, आणि चोच किंवा वल्ह्यासारखा पर धाग्यात गुंततो. त्याला कल्ले नाहीत, फुप्फुसं आहेत. श्वासासाठी वर यावंच लागतं, आणि जाळं येऊ देत नाही. शवविच्छेदनाच्या टेबलावर असा प्राणी ओळखायला फार वेळ लागत नाही. परांच्या आणि शेपटीच्या कडांवर सरळ रेषेत बारीक कापल्याच्या खुणा, चोचीभोवती वळ, कधी तुटलेले दात, श्वासनलिकेत फेस. आणि पोटात बहुतेकदा न पचलेले, ताजे मासे. म्हणजे मरेपर्यंत जनावर धडधाकट होतं, जेवत होतं. आजारानं खंगलेल्या प्राण्याचं पोट असं नसतं. मला अजूनही त्या भरलेल्या पोटाचाच सगळ्यात जास्त त्रास होतो.

याचं टोक बघायचं तर मेक्सिकोच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातला वाकिता बघ. जेमतेम दीड मीटर लांबीचा पॉर्पॉइज, जगात दुसरीकडे कुठेही नाही. १९९७ च्या पाहणीत साधारण ५६७ होते. आता दहाच्या आसपास उरलेत. वाकिता कुणालाच नको आहे. हवा असतो तो टोटोआबा नावाचा मासा, त्याच्या पोटातली हवेची पिशवी चीनच्या बाजारात सोन्याच्या भावात जाते म्हणून. टोटोआबा आणि वाकिता अंगानं साधारण सारखे, म्हणून एकाचं जाळं दुसऱ्याला तंतोतंत बसतं. बंदी आली, ती धाब्यावर बसवली गेली. २०१७ मध्ये उरलेल्यांना पकडून सुरक्षित ठेवायचा प्रयत्न झाला. पकडलेली एक मादी ताणानं दगावली आणि मोहीम तिथेच थांबवावी लागली. त्यानंतर २०२२ मध्ये मेक्सिकोच्या नौदलानं एक साधं काम केलं. जिथे वाकिता अजून दिसतात, त्या तुकड्यात तळाशी आकडे लावलेले काँक्रीटचे ठोकळे टाकले. जाळं टाकलं की अडकणार आणि फाटणार. तिथली जाळी झपाट्यानं कमी झाली. वाकितांच्या जनुकांचा अभ्यास सांगतो की एवढे थोडे उरूनही ते अंतर्गत दोषांमुळे संपतीलच असं नाही. जाळी थांबली तर टिकू शकतात. चीनच्या यांगत्से नदीतल्या बाइजी डॉल्फिनला तेवढा अवधी मिळाला नाही. २००६ मध्ये सहा आठवडे नदी पिंजून काढली, एकही सापडला नाही.

मोठ्या देवमाशांना जाळ्यापेक्षा दोर छळतो. उत्तर अटलांटिकचा राइट व्हेल घे. आता साधारण पावणेचारशे उरलेत. अमेरिका-कॅनडाच्या किनाऱ्यावर शेवंड आणि खेकड्यांचे पिंजरे तळाशी ठेवतात, आणि प्रत्येक ओळीपासून एक दोर वर तरंग्यापर्यंत उभा असतो. हा देवमासा तोंड उघडं ठेवून पाणी गाळत पुढे सरकतो. दोर तोंडाच्या झालरीत अडकतो, तो घाबरून गिरकी घेतो आणि दोर परांना, शेपटीला वेढे घेतो. एवढा बलदंड प्राणी पिंजऱ्यासकट दोर घेऊन निघतो, महिनोन्महिने ओढत राहतो, दोर मांसात रुतत जातो. जाळ्यातला डॉल्फिन काही मिनिटांत जातो. याला कधी कधी अर्धं वर्ष लागतं. दहांतल्या आठांहून जास्त राइट व्हेलच्या अंगावर दोराचे व्रण आहेत. वाचलेल्या माद्याही इतक्या झिजतात की दोन पिल्लांमधलं अंतर वाढत जातं.

याच प्राण्याची दुसरी गोष्ट मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते, कारण हवामानबदल म्हणजे नेमकं काय ते तिच्यात दिसतं. फंडीच्या उपसागरात जहाजांच्या धडकेत ते मरत होते, म्हणून कॅनडानं २००३ मध्ये जहाजांचा मार्गच सरकवला. अमेरिकेनं २००८ मध्ये ठरावीक भागांत, ठरावीक महिन्यांत मोठ्या जहाजांना १० नॉटची, म्हणजे ताशी दहा सागरी मैलांची, वेगमर्यादा घातली. वेगाचं गणित सरळ आहे: १५ नॉटला धडक बसली तर देवमासा मरण्याची शक्यता सुमारे ८० टक्के, साडेआठ नॉटच्या आसपास ती २० टक्क्यांवर येते. व्यवस्था बसत होती. मग २०१० च्या सुमारास पाणी तापलं, त्यांचं खाद्य असलेले तांदळाच्या दाण्याएवढे कोपेपॉड विरळ झाले, आणि देवमासे अन्नाच्या शोधात उत्तरेला सेंट लॉरेन्सच्या आखाताकडे वळले. तिथे ना वेगमर्यादा, ना मार्ग बदललेले, वर खेकड्यांच्या पिंजऱ्यांचे दोरच दोर. २०१७ च्या एका वर्षात १७ मेले, त्यातले १२ कॅनडाच्या पाण्यात. पाण्याच्या उष्णतेनं त्यांतला एकही मेला नाही. संरक्षण नकाशावर जिथे आखलं होतं, तिथून देवमासेच निघून गेले होते. म्हणून हल्ली कॅनडात देवमासा दिसला की त्या भागातली मासेमारी तात्पुरती बंद करतात. नियमाला प्राण्यामागे चालावं लागतं, हे शिकायला बारा प्रेतं लागली.

आवाजाबद्दल तू लिहिलंयस, पण जरा मोघम. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, जहाजांची रोजची घरघर. २००१ च्या सप्टेंबरमधल्या न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर फंडीतली जहाजवाहतूक मंदावली, पाण्यातला आवाज सहा डेसिबलनं उतरला, आणि त्या दिवसांतल्या राइट व्हेलच्या विष्ठेत ताणाची संप्रेरकं कमी आढळली. असा प्रयोग ठरवून कुणी करूच शकलं नसतं. दुसरी गोष्ट, नौदलाचे सोनार, म्हणजे आवाज सोडून प्रतिध्वनीवरून पाण्याखालचं शोधणारी यंत्रं. चोचीच्या देवमाशांना त्याचा जबर फटका बसतो. हे प्राणी पाताळातच राहतात म्हणायला हवं; क्युव्हिएच्या देवमाशाची एक बुडी तीन तास बेचाळीस मिनिटांची नोंदली गेली आहे. सोनारच्या आवाजानं ते भेदरतात, बुडण्या-वर येण्याचा हिशेब चुकतो, आणि खोल बुडी मारणाऱ्या माणसांना होतो तसा वायूच्या बुडबुड्यांचा विकार त्यांना होत असावा असं त्यांच्या ऊतींवरून दिसतं. २००० मध्ये बहामात असे प्राणी किनाऱ्याला लागले आणि सोनारचा संबंध अमेरिकी नौदलाला मान्य करावा लागला. स्पेननं २००४ मध्ये कॅनरी बेटांभोवती असे सोनार बंद केले. तिथे एकगठ्ठा किनाऱ्याला लागण्याच्या घटना थांबल्या. इतका स्वच्छ कार्यकारणभाव आमच्या धंद्यात क्वचित मिळतो.

प्लास्टिकवर तू पानभर लिहिलंस, मी दोन ओळी लिहिते. पोटात पिशव्या सापडलेल्या देवमाशाचं छायाचित्र जगभर फिरतं आणि नुकसानही खरं आहे, पण जीव घेण्याच्या हिशेबात जाळी त्याच्या कितीतरी पुढे आहेत. त्यापेक्षा पीसीबी या कारखानी रसायनांबद्दल वाच. बहुतेक देशांनी ही रसायनं कित्येक दशकांपूर्वी बंद केली, तरी ती ऑर्काच्या, म्हणजे किलर व्हेलच्या, चरबीत अजून साठलेली आहेत. मादीच्या अंगातलं विष कमी होतं ते पिल्लाला पाजताना. पहिल्या पिल्लाच्या वाट्याला सगळ्यात जास्त येतं.

आता, त्यांना वाचवायचं कशासाठी? तू लिहिलंस, ‘कार्बन’. हे उत्तर सध्या फार चालतं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एका लेखात २०१९ मध्ये एका मोठ्या देवमाशाची किंमत वीस लाख डॉलरच्या वर काढली होती. मला हा युक्तिवाद रुचत नाही. देवमासा समुद्राचं पोषण वर-खाली हलवतो हे खरं. खोल खातो, वर येऊन विष्ठा टाकतो, तिच्यातल्या लोह-नत्रावर वनस्पतीप्लवक वाढतात. मेल्यावर तळाशी गेलेलं त्याचं धूड अनेक वर्षं तिथल्या जीवांना पोसतं. पण किंमत लावलीस की उद्या कुणीतरी वाकिताचीही विचारेल, आणि दहा वाकितांचा कार्बन काही भरणार नाही.

माझं कारण वेगळं आहे. हे प्राणी सावकाश वाढतात, क्वचित वितात आणि खूप काही शिकून जगतात. ईशान्य प्रशांत महासागरातल्या मासेखाऊ ऑर्कांमध्ये विणं थांबलेल्या म्हाताऱ्या माद्या कळपाच्या पुढे असतात, आणि सॅमन कमी असलेल्या वर्षी तर जास्तच. कुठल्या खाडीत काय मिळतं हे त्यांना माहीत. स्पर्म व्हेलच्या टोळ्यांचे ठोक्यांचे वेगवेगळे नमुने असतात. पिल्लं ते मोठ्यांकडून उचलतात. अशी एक मादी गेली, तर तिच्या जागी दुसरी जन्मून ती जागा भरत नाही. गणनेत एकच आकडा कमी होतो. म्हणूनच ‘इतक्या मेल्या तरी चालतील’ असा कोटा या प्राण्यांसाठी ठरवायला बसलेल्या माणसाचं मला नवल वाटतं.

आणि सोडून दिलं तर ते सावरतात, हेही डोळ्यासमोर ठेव. ब्राझीलच्या किनाऱ्यावर विणाऱ्या हंपबॅक देवमाशांची संख्या शिकारीमुळे साडेचारशेच्या आसपास आली होती. ती पंचवीस हजारांवर गेली आहे.

कामाचं बोलते. मच्छीमाराला शत्रू समजून बंदरावर जाऊ नकोस. जाळ्यात डॉल्फिन आला की त्याचं जाळं फाटतं, वेळ जातो, वर गुन्हा दाखल होण्याची भीती. तो गुपचूप कापून समुद्रात टाकतो, आणि तुझ्या वहीत शून्य लिहिलं जातं. चार वेळा निमूट चहा प्यायलीस तर पाचव्या वेळी तो खरा आकडा सांगेल. जिवंत डॉल्फिन किनाऱ्याला लागलेला दिसला, तर लोक त्याला शेपटीला धरून पाण्यात ओढतात. तसं कुणाला करू देऊ नकोस, शेपटीचे सांधे निखळतात. त्याला पोटावर राहू दे, ओलं कापड टाक, सावली कर, डोक्यावरच्या श्वासछिद्रात पाणी-वाळू जाऊ देऊ नकोस, गर्दी हटव आणि वनखात्याला किंवा जे कुणी अधिकृत असतील त्यांना लगेच कळव. सेल्फीवाल्यांना हाकलणं हे त्यातलं सगळ्यात अवघड काम.

राहिला तुझा प्रश्न. अभ्यासक्रम सोडू नकोस. देवमाशांवर प्रेम करणारे जीवशास्त्रज्ञ पुष्कळ आहेत. जाळ्याचा आस, म्हणजे भोक, किती, दोर किती ताणाला तुटावा, पिंजरा वर येताना तरंगा कसा सुटावा हे कळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. जाळ्यावर बसवायचे आवाज करणारे पिंगर हार्बर पॉर्पॉइजच्या बाबतीत चांगले चालतात, पण बॅटरी संपली की जाळ्याला लटकलेली अडगळ. पाण्यात उभा दोर न ठेवता बोलावल्यावर वर येणारे पिंजरे तयार आहेत, पण महाग आहेत आणि दोन बोटींना एकमेकांचे पिंजरे तळाशी कुठे आहेत ते दिसत नाही, म्हणून एकाची जाळी दुसऱ्याच्या पिंजऱ्यांवरून फिरते. या दोन्ही अडचणी तुझ्या विषयातल्या आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्यातली एक निवड, तुमच्या मार्गदर्शकांशी बोल आणि विषय ठरला की कळव. सागरी सस्तन प्राण्यांचं शरीरशास्त्र मी सुट्टीत शिकवीन. ते तेवढ्या वेळात होतं.

तुझी,
मावशी