सेल्फ मारला की नुसतं ‘टक’ वाजतं. मेकॅनिकने दोन रिले बदलले, तरी तेच. रिलेच खराब आहे हे घरी कसं ओळखायचं?

तिसरा रिले आणू नका. आमच्याकडे तीन झाले, म्हणून सांगतोय.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात पॅनेल वायरिंगची कामं करतो. दिवसभर हाताखाली कॉन्टॅक्टर (मोठ्या मोटरी चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) आणि रिलेच. मोटरसायकलचा सेल्फ रिले म्हणजे कॉन्टॅक्टरचा धाकटा भाऊ. बारीक वायरींवर कॉइल ओढते, जाड वायरींचे कॉन्टॅक्ट मिटतात, बॅटरी थेट मोटरला. बास. पण एवढी गोष्ट आमच्या दाजींच्या गळी उतरवायला मला आजवर जमलेलं नाही. दाजींचं गॅरेज आहे. इंजिनात त्यांचा हात कोण धरणार नाही, वायरिंग मात्र त्यांच्या लेखी भुताटकी.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४३), तेव्हा माझी गाडी शाहूपुरीत सीटपर्यंत बुडाली. दाजींनी तीनदा ऑइल बदललं, कार्ब्युरेटर धुतला, गाडी उभी केली. पैसे घेतले नाहीत. ते उपकार आहेतच. पण दिवाळी झाली आणि सेल्फ नखरे करायला लागला. टक वाजायचं, मोटर ‘घुं’ करून गप्प. किक नाही गाडीला. रोज सकाळी गल्लीतली पोरं धक्का मारायची आणि वर हसायची.

दाजी म्हणाले, रिले गेला. बदलला. आठ दिवस बरी चालली, मग पुन्हा टक. बॅटरी बदलली. पुन्हा टक. दुसरा रिले. मग मोटर खोलून कार्बन ब्रश घातले. शेवटी एका रविवारी तिसरा रिले लावत होते तेव्हा मी मल्टीमीटर घेऊन गेलो.

“पावणं, तुमचं पॅनेल उद्यमनगरात. हितं गाडी हाय.”

“दाजी, अर्थ बघूया की एकदा.” अर्थ म्हणजे इंजिनापासून बॅटरीच्या मायनसला परत जाणारी वाट.

त्यांच्याकडेही मीटर आहे, पण ते कायम बीपवर, म्हणजे वायर जोडलेली असली की वाजतं त्या सेटिंगवर. एक प्रोब बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनाला. वाजलं. “वाजतंय न्हवं? मग झालं तर!”

भांडण इथंच आहे, आणि तुमच्या मेकॅनिकचंही बहुधा इथंच अडलंय. बीप वाजवायला मीटर अगदी नाममात्र करंट सोडतो. मध्ये पाच-दहा ओहम असले तरी बहुतेक मीटर खुशाल वाजतात. सेल्फ मोटर मात्र ४० अँपिअर ओढते म्हणा. सांध्यात ०.१ ओहम जरी बसला, तरी ४० गुणिले ०.१, म्हणजे ४ व्होल्ट वाटेतच खलास. १२ मधले ४ गेल्यावर मोटर काय कप्पाळ फिरणार? वायर चांगली की वाईट हे तिच्यावर भार टाकल्याशिवाय कळत नाही.

मी मीटर डीसी २० व्होल्टवर घेतला, प्रोब तिथंच ठेवले आणि भाच्याला बटण दाबायला सांगितलं. ४.२ व्होल्ट. नवाकोरा रिले लावलेला असताना! तिथं फार तर ०.२-०.३ यायला पाहिजे. इंजिनाच्या मागचा अर्थचा बोल्ट खोलला, तर वरून चकचकीत आणि वायरच्या गोल टोकाखाली पुराचा गाळ. तांबं हिरवं पडलेलं, पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तसं. पॉलिश पेपर मारला, आवळला, वरून ग्रीस लावलं. पहिल्या दाबाला गाडी चालू.

मग टक का वाजायचं? आमच्या गाडीत रिलेच्या कॉइलला अर्थ हार्नेसमधून (गाडीच्या वायरींच्या जुडग्यातून) येतो, इंजिनातून नाही. त्यामुळे रिले बिचारा आपलं काम करत होता. तीनही.

दाजी काय म्हणाले माहितेय? आक्काला हाक मारून म्हणाले, “बघ, तिसरा रिले बसला शेवटी. सेट व्हायला जरा वेळ लागतोय त्यो.” आजही गल्लीत हीच आवृत्ती चालते.

तर तुमचं. आधी नुसती बॅटरी बघा. उभ्या गाडीत १२.५ च्या आसपास हवी. बटण दाबल्यावर १० च्या खाली कोसळली, तर चार्ज करा आणि पुढचं नंतर. एकच टक न वाजता टकटकटकटक लागलं, तर बहुतेक वेळा हेच असतं. मग रिलेच्या दोन जाड बोल्टांवर एकेक प्रोब ठेवा. बटण न दाबता साधारण १२ दिसतील, दाबल्यावर अर्ध्या व्होल्टच्या आत यायला पाहिजेत. दीड-दोन राहिले तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत, मग खुशाल बदला. टक वाजलं म्हणजे कॉइल जिवंत आहे एवढंच कळतं, कॉन्टॅक्टचं नाही. रिले पास झाला की वर सांगितलेली अर्थची टेस्ट, आणि तीही पास झाली तर मोटर. टकच वाजत नसेल तर क्लच स्विच, साइड स्टँड, न्यूट्रल ही साखळी बघायची, पण तो तुमचा प्रश्न नाही.

मीटर अँपिअरवर ठेवून हे करू नका, फ्यूज उडेल. गाडी न्यूट्रलला घ्या. आणि स्क्रू ड्रायव्हरनं रिलेचे बोल्ट शॉर्ट करून बघायची दाजींची पद्धत मला बिलकूल मान्य नाही. पेट्रोलच्या टाकीखाली ठिणग्या कशाला?

हां, रिले कधी जातच नाही असं नाही. आक्काच्या मोपेडचे कॉन्टॅक्ट चिकटले होते. चावी काढली तरी सेल्फ फिरतच होता. दाजींनी पळत येऊन बॅटरीची वायर काढली म्हणून वाचली. तेव्हा ते “रिले गेला” म्हणाले आणि बरोबर होते. मी तेव्हा स्विचवर संशय घेतला होता, हे त्यांनी अजून सोडलेलं नाही.

माझ्या गाडीतून काढलेले दोन्ही नवे रिले टेबलावर भार लावून तपासलेत, ठणठणीत आहेत. कोल्हापुरात असाल आणि बोल्ट जुळले, तर एक घेऊन जा. गॅरेजवर मात्र कुठून आणला ते सांगू नका.