15 वर्षं जुनी स्पोर्ट्स कार, वर्षाला जेमतेम हजार किमी: ऑइल, कूलंट कधी बदलायचं?

किलोमीटर विसरा, कॅलेंडर बघा. इंजिन ऑइल वर्षातून एकदा, मग गाडी 900 किमीच फिरलेली का असेना. जवळच रंकाळा तलावापर्यंत जाऊन परत आणली तर ऑइल नीट तापतच नाही. आतली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल त्यातच मुरतं.

खरी काळजी ब्रेक ऑइलची. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. डॉट 4 या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश लागतो; पाणी मुरलं की तीच अट 155 वर येते. गगनबावड्याचा घाट उतरताना ते उकळलं आणि ब्रेकचं पेडल मऊ होऊन खाली गेलं तर घाम फुटेल! दर दोन वर्षांनी बदलाच.

कूलंट मॅन्युअलप्रमाणे; गाडी जुनी घेतलेली असेल तर एकदा बदलून तारीख लिहून ठेवा. गिअर ऑइलची मला एवढी घाई वाटत नाही, गळती तेवढी बघा.

माझ्या गाडीचं ब्रेक ऑइल काढलं तेव्हा बाटलीत कोरा चहाच दिसत होता. उद्यमनगरातला मिस्त्री म्हणाला, "सायेब, गाडी फिरवली न्हाईसा, पर हे म्हातारं झालंय की."