ड्यूटी संपली तरी डोक्यात वॉर्ड

"मॅडम, घरी पोचले की रोज वॉर्डला फोन करते. हँडओव्हरमध्ये काही सांगायचं राहिलं असेल तर?" अतिदक्षता विभागातल्या एका सिस्टरची ही तक्रार. हँडओव्हर म्हणजे ड्यूटी संपताना पुढच्या पाळीतल्या व्यक्तीला रुग्णांची माहिती सोपवणं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) डॉक्टरांकडूनही हाच प्रश्न वरचेवर येतो. घरचे म्हणतात, "किती विचार करतेस!" या वाक्याने कुणाला झोप लागल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

रात्री नेमकं काय आठवतं ते लिहून आणायला सांगितलं. कागदावर संपलेलं काम एकही नव्हतं. पोटॅशियमचा रिपोर्ट यायचाय, लघवी कमी होतेय, नातेवाइकांना डॉक्टरांशी बोलायचंय. अर्धवट राहिलेलं मनातून लवकर जात नाही, हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं होतं.

"तुम्ही सांगितल्यावर समोरची काय म्हणते?"

"हो हो, कळलं."

गोम इथे होती. काय कळलं, ते हिला कळतच नव्हतं. मग मन रात्री तेच तपासत बसणार! याला मी नुसता चिंतेचा आजार म्हणणार नाही.

हँडओव्हरची 'आय-पास' नावाची पद्धत आहे. तिची शेवटची पायरी म्हणजे घेणाऱ्याने ऐकलेलं थोडक्यात परत सांगणं. अमेरिका-कॅनडातल्या ९ रुग्णालयांमध्ये निवासी डॉक्टरांना प्रशिक्षण देऊन ती राबवली, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या. तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. हँडओव्हरला लागणारा वेळही फारसा वाढला नव्हता.

"पण सीनियर सिस्टरना 'परत सांगा' कसं म्हणू? परीक्षा घेतेय असं वाटेल." अडचण खरी होती. मग आम्ही वाक्यच घोटलं: "माझ्याकडून काही सुटलं नाही ना? पेंडिंग तेवढं एकदा बोलून घेऊ." कमीपणा स्वतःकडे घेतला की समोरची सहज बोलते. शिवाय प्रत्येक पेंडिंग गोष्टीला एक 'तर' जोडायचा: पोटॅशियम वाढलेलं आलं, तर लगेच डॉक्टरांना कळवायचं.

काही आठवड्यांत तिची यादी आखडली. फोन पूर्ण थांबलेले नाहीत, आणि सगळे थांबवा असं मी सांगितलंही नाही. खरंच एखादी गोष्ट सांगायची राहिली असेल, तर कितीही वाजले असोत, फोन करायचाच. "सगळं ठीक आहे ना?" एवढंच विचारायला केलेला फोन वेगळा, त्यावर आमचं काम अजून चालू आहे.