मुंबई जिच्या लग्नात आंदणात गेली ती पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन किंवा तिच्या माहेरचं कोणी कधी इकडे आलं होतं का?

कॅथरीन कधीच आली नाही आणि गादीवर असलेला एकही पोर्तुगीज राजा गोव्यात आला नाही. १६६१ च्या लग्नाच्या तहात ११ वं कलम मुंबईचं आहे, ते वाचलं तर कळतं की बेट तिच्या नवऱ्याला, म्हणजे इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सला द्यायचं होतं, नवरीने इथे यायचा प्रश्नच नव्हता. लग्न १६६२ ला पोर्ट्समथला झालं, बेट मात्र १६६५ ला मिळालं कारण इथले पोर्तुगीज अधिकारी सोडायलाच तयार नव्हते (साहजिक आहे!). घराण्यातलं कोणीतरी म्हणाल तर पोर्तुगालचा राजा कार्लुशचा भाऊ आफोन्सो १८९५ ला गोव्यात आला होता, पण तो गोव्यातल्या राणे घराण्याचं बंड मोडायला, फौज घेऊन. ब्राझील या पोर्तुगीज वसाहतीची गोष्ट वेगळी, नेपोलियनच्या भीतीने १८०८ मध्ये अख्खा दरबारच तिकडे राहायला गेला.